उशिराचा दंड सिमरोलला मिळावा

इंदूरहून तेजाजी नगरचा चौक मागे टाकून खंडवा रस्त्याला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर सिमरोल येतं. महू तहसिलीतलं गाव. पुढे भेरूघाट, मग चोरल, बलवाडा आणि नर्मदा. खानदेशात आजोळ असलेल्या इंदूरच्या मराठी घरांना हा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण हाच पुढे खंडवा, बऱ्हाणपूर, इच्छापूर करत मुक्ताईनगरला पोचतो. २००९ साली इंदुरात आयआयटी सुरू झाली आणि तिच्या कायमच्या परिसरासाठी सिमरोलची पाचेकशे एकर जमीन ठरली. त्यामागोमाग वसतिगृहं, फार्महाउसं, कॉलन्या आल्या. मग रस्त्याचं चौपदरीकरण आलं. एक काम संपलं म्हणेपर्यंत शेजारी दुसऱ्याचा खड्डा खणलेला असतो, आणि पहिलंही खरं तर संपलेलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे. बांधकामाच्या परवान्यावर काम पुरं होण्याची तारीख असावी. ती उलटली की रोजच्या हिशेबानं दंड लागावा. आणि तो दंड भोपाळला किंवा दिल्लीला न जाता सिमरोलच्या ग्रामपंचायतीकडे राहावा. पहिल्या दोन गोष्टींना फारसं कुणी नाही म्हणत नाही. वाद तिसऱ्या गोष्टीवर होतो आणि माझा सगळा भर तिच्यावरच आहे.

१. परवान्याला मुदत आज नाही, असं नाही. मध्य प्रदेशच्या १९७३च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे विकासाची परवानगी तीन वर्षं चालते, अर्ज केल्यास वर्षावर्षानं वाढते, पण एकूण पाच वर्षांपलीकडे जात नाही. त्यानंतर ती आपोआप संपते. महाराष्ट्रात १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम ४८ आहे: एक वर्ष, मग वाढ, तीन वर्षांच्या आत, आणि तेवढ्यात काम जोत्यापर्यंत आलं नसेल तर नव्यानं अर्ज. म्हणजे महाराष्ट्रात जोतं वेळेत वर काढलंत की पुढे छत कधी घालायचं ते तुम्ही आणि तुमची बँक बघून घ्या. मध्य प्रदेशात पाच वर्षांनी परवानगीच संपते. कागदावर ही भारी शिक्षा आहे. प्रत्यक्षात अर्ध्यावर आलेली चार मजली इमारत बेकायदा ठरवून पाडायला कोण जाणार? अधिकारी ही शिक्षा उगारत नाही, त्यामुळे बांधणारा तिला भीत नाही. नवा अर्ज, नवं शुल्क, नवी तारीख, एवढ्यावर भागतं.

शिक्षा इतकी मोठी असली की ती वापरताच येत नाही, तर तिचा धाक राहत नाही. दिवसाला दोन-चार हजारांची शिक्षा वापरता येते. पंचायतीचा सचिवसुद्धा ती लावू शकतो, आणि तिसऱ्या महिन्यात ती झोंबायला लागते.

२. उशिराची किंमत कुणीतरी मोजतंच असतं. प्रश्न एवढाच की कोण. बांधणारा आपला हिशेब करतो. व्याज किती चढतंय, सिमेंटचा भाव उतरेल का, शेजारच्या प्लॉटला गिऱ्हाईक आधी मिळतंय का. कधीकधी थांबणंच त्याच्या फायद्याचं असतं. जमीन धरून ठेवायची, दोन खांब उभे करून परवाना जिवंत ठेवायचा आणि रस्ता चौपदरी झाल्यावर दुप्पट भावानं विकायचं, यात बेकायदा काही नाही आणि हिशेबातही खोट नाही.

त्याच्या वहीत न आलेल्या रकमा मात्र गावाच्या वाट्याला येतात. रस्त्याच्या कडेला वर्षभर पडलेला मुरूम आणि वाळू. पाया खणून सोडलेला खड्डा, ज्यात जून ते सप्टेंबर पाणी साचतं आणि डास होतात. पत्रे लावून अर्धा अडवलेला रस्ता, ज्यावरून शाळेची मुलं ट्रकच्या बाजूनं चालतात. धूळ बसलेलं दुकान, ज्याच्यापुढे गाडी थांबत नाही. महू तहसिलीत बटाटा मोठ्या प्रमाणावर होतो आणि तो काढणीला आला की रोज बाजाराकडे जावा लागतो. त्या वेळी घाटात वाहतूक अडली तर गाडीभाडं शेतकऱ्याच्याच खिशातून जातं. यांतल्या एकाही माणसाचा बांधणाऱ्याशी करार नाही. कराराबाहेर असल्यामुळेच त्यांना काही मिळत नाही.

इंदूर शहर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. तिथं रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला जागच्या जागी पावती फाडून देतात, आणि लोक ती निमूट भरतात, कारण तिचा दर ठाऊक असतो आणि ती ताबडतोब येते. वीस किलोमीटरवर तीच व्यवस्था हजारो चौरस फुटांवर दोन-तीन वर्षं पडलेल्या राड्यारोड्याकडे बघत नाही. लहान माणसाचं लहान पाप पकडायला आपण फार तयार असतो.

३. "पण रेरा आहे ना?" आहे, आणि चांगला आहे. स्थावर संपदेच्या २०१६च्या या कायद्यानं बिल्डरला नोंदणी करतानाच पूर्णत्वाची तारीख जाहीर करायला लावली. कलम १८ प्रमाणे ताबा लांबला तर ग्राहकाला दर महिन्याचं व्याज, किंवा तो बाहेर पडला तर व्याजासह पैसे परत. कायद्यातल्या अटी मोडल्या तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. ६ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं हा कायदा वैध ठरवला. महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणानं, महारेरानं, २०२४च्या नोव्हेंबरात मुदत उलटून गेलेल्या दहा हजारांहून अधिक प्रकल्पांना नोटिसा काढल्या. त्या आकड्यावरून कायद्याची ताकद दिसते आणि रोगाचा पसाराही दिसतो.

पण रेराच्या नजरेत नुकसान सोसणारा एकच: ज्यानं फ्लॅट किंवा प्लॉट विकत घेतला तो. शेजाऱ्याला तिथं उभंच राहता येत नाही. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेला प्रकल्प नोंदणीतून सुटतो. कॉलेज, रुग्णालय, हॉटेल, स्वतःसाठी बांधलेलं फार्महाउस यांत विकायचं काहीच नसतं, तेव्हा तीही सुटतात. सिमरोल-चोरलच्या पट्ट्यात जे बांधलं जातंय त्यातलं बरंचसं याच सुटलेल्या प्रकारांतलं आहे. आणि दंड झालाच तर तो राज्य सरकार ठरवील त्या खात्यात जमा होतो (कलम ७६). सिमरोलच्या नालीला त्यातला रुपया येत नाही.

४. सरकारी कामांत दंडाचं कलम नेहमीच असतं. महाराष्ट्रातल्या बांधकाम खात्याच्या बी-१ निविदेतलं दुसरं कलम ठेकेदारांना तोंडपाठ असतं: उशिराच्या प्रत्येक दिवसाला अंदाजित रकमेच्या एक टक्का, किंवा अभियंता ठरवील ती त्याहून कमी रक्कम, जास्तीत जास्त दहा टक्के. सगळी गंमत त्या "किंवा"पुढे आहे. ज्या नियमात दर ठरवण्याची मोकळीक वरिष्ठाच्या लेखणीवर सोडली, तिथं दर शून्याकडे घरंगळतो. महामार्ग प्राधिकरणाच्या ईपीसी (अभियांत्रिकी, खरेदी, बांधकाम) करारनाम्यात दर पक्का आहे, दिवसाला करार रकमेच्या ०.०५ टक्के आणि कमाल दहा टक्के. तिथं मग वाद दराऐवजी तारखेवर होतो. जमीन ताब्यात आली नव्हती, वनखात्याची परवानगी नव्हती, विजेचे खांब हलले नव्हते, म्हणून मुदतवाढ. यातली बरीच कारणं खरीसुद्धा असतात.

सिमरोलवरून जाणारा तेजाजी नगर ते बलवाडा हा साधारण ३३ किलोमीटरचा टप्पा घ्या. घाटात तीन बोगदे, भेरूघाटाची अवघड वळणं टाळणारी नवी वाट. काम कठीण आहे हे मान्य. पूर्ण होण्याच्या तारखा एकाहून जास्त वेळा पुढे गेल्या. आता सगळे २०२८च्या उज्जैनच्या सिंहस्थाकडे बोट दाखवतात. उशिराबद्दल ठेकेदाराकडून काही वसूल झालं तरी ते प्राधिकरणाला मिळणार, म्हणजे दिल्लीला. घाटात अडकून पडलेला टेम्पो तर दिल्लीचा नव्हता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला पनवेलपासून कोकणात उतरणारा मुंबई-गोवा महामार्ग आठवेल. २०११च्या सुमारास पनवेल-इंदापूरचं काम निघालं. पुढच्या तारखा गणपतीच्या तारखांसारख्या दरवर्षी नव्यानं जाहीर होत राहिल्या.

सिमरोल-चोरलच्या घाटात रेल्वेचाही एक धडा आहे. १८७० मध्ये तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि त्याच दशकात खंडव्याहून निघालेली मीटरगेज नर्मदेवर पूल बांधून, चोरलच्या खोऱ्यातून घाट चढून इंदूरला पोचली. त्याच मार्गाच्या रुंदीकरणाला, रतलाम-महू-खंडवा-अकोला, २००८ साली मंजुरी मिळाली. जुनी गाडी २०२३च्या सुरुवातीला बंद झाली. नवी अजून घाटातून धावत नाही. होळकरांच्या काळात वनकायदे, भूसंपादन, व्याघ्र प्रकल्प यांतलं काही आडवं येत नव्हतं, हे विसरून तुलना करू नये. पण उशिराच्या काळात ज्यांची एकुलती स्वस्त गाडी गेली त्या कालाकुंड-चोरलच्या लोकांना कुणी भरपाई दिली नाही, हेही विसरू नये.

५. "उशीर करणाऱ्यानं सोसणाऱ्याला द्यावं" हे तत्त्व मी परदेशातून आणलेलं नाही. ते मध्य प्रदेशच्याच कायद्यात आहे. २०१०चा लोकसेवा प्रदान गारंटी अधिनियम हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. दाखला ठरल्या मुदतीत दिला नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, कमाल ५,००० रुपये. आणि त्या दंडातून अर्जदाराला भरपाई देण्याचीही सोय आहे. सरकार स्वतःच्या कारकुनाला रोजच्या हिशेबानं दंड करतं आणि तो पैसा खेटे घालणाऱ्या माणसाला देऊ शकतं. मग रस्ता अडवून बसलेल्या बांधकामाला तोच न्याय लावायला अडचण कोणती?

दुसरा दाखला खाणींचा. खाण कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. खाणवाला रॉयल्टी भरतोच. वर तिच्या दहा किंवा तीस टक्के रक्कम खाणीनं बाधित झालेल्या भागासाठी वेगळी द्यावी लागते. त्या पैशाचा वापर सगळीकडे नीट झाला असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या गावात धूळ उडते तिथं पैसा गेला पाहिजे, हे एकदा कायद्यानं मान्य केलेलं आहे.

तिसरा नवी मुंबईतला. सिडकोनं भाडेपट्ट्यानं दिलेल्या भूखंडावर ठरल्या वर्षांत बांधलं नाही तर अतिरिक्त भाडेपट्टा अधिमूल्य द्यावं लागतं. जमिनीचा मालक असला की सिडकोला उशिराचा हिशेब बरोबर करता येतो. जमीन खासगी आणि त्रास सार्वजनिक असला की तो हिशेब कुणालाच जमत नाही.

बाहेरचे दोनच दाखले सांगतो. इंग्लंडमध्ये पाण्याची किंवा गॅसची कंपनी रस्ता खोदून ठरल्या दिवशी बुजवत नसेल तर १९९१च्या कायद्याखाली सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर दिवसाला १०,००० पौंडांपर्यंत आकार बसतो, आणि तो वसूल करते रस्ता सांभाळणारी स्थानिक संस्था. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बेल्व्हेडेअर, टिबुरॉन या छोट्या गावांत बंगला नव्यानं बांधतानाही परवान्यावर शेवटची तारीख असते. ती उलटली की दंड टप्प्याटप्प्यानं चढत जातो. ही फार श्रीमंतांची गावं. तिथल्या लोकांना दंड भरणं परवडतं, पण शेजाऱ्याचं बांधकाम अनंतकाळ चाललेलं परवडत नाही, म्हणून त्यांनी नियम करून घेतला. सिमरोलच्या लोकांनाही ते परवडत नाही, फक्त त्यांचा नियम अजून कुणी केलेला नाही.

६. आता प्रत्यक्ष दर. यात मोघम बोलण्यात अर्थ नाही.

परवानगी देतानाच बांधकामाच्या आकारमानाप्रमाणे पूर्णत्वाची तारीख लिहावी. ती बांधणाऱ्यानं स्वतः सांगावी, पंचायतीनं लादू नये; पाच वर्षं हवी असतील तर पाच वर्षं सांगा, पण तशी पाटी जागेवर लावा. तारीख उलटल्यावर पहिले तीस दिवस माफ. ३१ ते ९० दिवसांपर्यंत बांधकामाच्या प्रत्येक चौरस मीटरला दिवसाला एक रुपया, ९१ ते १८० दिवसांपर्यंत दोन रुपये, त्यापुढे चार.

दोन हजार चौरस मीटरचं वसतिगृह धरा. एक वर्ष उशीर झाला तर पहिल्या टप्प्याचे १ लाख २० हजार, दुसऱ्याचे ३ लाख ६० हजार, तिसऱ्याच्या १८५ दिवसांचे १४ लाख ८० हजार. मिळून १९ लाख ६० हजार. बांधकामाचा खर्च चौरस मीटरला वीस हजार धरला तर इमारत चार कोटींची. दंड पाच टक्क्यांच्या किंचित आत बसतो. रेरानं पाच टक्क्यांची कमाल मर्यादा घातलीच आहे, इथंही तीच ठेवावी. दोन महिने उशीर करणाऱ्याला मात्र फक्त साठ हजार पडतील. चांगल्या नीयतीनं काम करणारा यानं बुडत नाही. परवाना जिवंत ठेवायला दोन खांब उभारणाऱ्याला ते जड जातं.

वसुलीची काळजी नको. इमारत बांधकाम मजुरांसाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बांधणाऱ्याकडून घेतलाच जातो. तशीच दोन टक्के अनामत परवानगीच्या वेळीच घ्यावी. काम वेळेत झालं की पूर्णत्वाच्या दाखल्याबरोबर व्याजासह परत. मध्य प्रदेशात कॉलनी टाकणाऱ्याला विकासकामं होईपर्यंत पाव हिस्सा भूखंड गहाण ठेवावे लागतात, तेव्हा अनामत ही कल्पनाही कुणाला नवी नाही. मागाहून वसुलीच्या नोटिसा पाठवणारी ग्रामपंचायत नोटिसाच पाठवत बसते. पैसा आधी हातात असेल तर तिला कुणाच्या मागे धावावं लागत नाही.

७. घरकुलं यातून पूर्ण वगळा. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि तेही हप्त्याहप्त्यानं. हप्ता आला की भिंत चढते, नाही आला की थांबते. अशा माणसाला उशिराचा दंड लावणं म्हणजे सरकारच्या उशिराची शिक्षा त्याला देणं. ५०० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम, तेही स्वतःच्या राहत्या घराचं, याला हा नियम लागू नये. यावर चर्चा नको.

८. सर्वांत वजनदार आक्षेप घाईचा आहे, आणि तो सिमरोलला कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये सिमरोल ठाण्याच्या हद्दीत चोरलला एका फार्महाउसचं नुकतंच घातलेलं छत कोसळलं आणि त्याखाली झोपलेले पाच मजूर मेले. आदल्या वर्षी १२ नोव्हेंबरला उत्तराखंडात सिल्क्याराचा बोगदा ढासळून ४१ कामगार सतरा दिवस आत अडकले होते, आणि आपल्या घाटातही बोगदेच आहेत. दंडाच्या भीतीनं कुणी आठव्या दिवशीच सेंटरिंग काढलं, पाणी मारायचे दिवस कापले, रात्रपाळीत थकलेल्या माणसांकडून काँक्रीट ओतून घेतलं, तर माझा प्रस्ताव माणसं मारणारा ठरेल.

म्हणून दोन अटी. पहिली: मजूर बांधकामाखाली राहत असल्याचं किंवा आधार मुदतीआधी काढल्याचं आढळलं तर काम थांबवावं, आणि थांबलेले दिवस उशिरातच मोजावेत. घाईनं वेळ वाचत नाही, उलट जातो, हे हिशेबातच दिसलं पाहिजे. दुसरी: तारीख बांधणाऱ्यानं स्वतः निवडायची असल्यामुळे त्यानं सवड ठेवूनच निवडावी, आणि एकदा ती कारण लेखी देऊन, मुदत संपायच्या आधी, फुकट बदलण्याची मुभा असावी. एकदाच.

तरीही मला वाटतं, घाईचा दोष दंडावर टाकणं सोयीचं आहे. चोरलच्या त्या छतावर कुठलाच उशिराचा दंड नव्हता. आपल्याकडे माणसं मरतात ती बहुधा देखरेख नसते म्हणून. आज परवानगी दिल्यानंतर त्या जागेवर सरकारी माणूस पुन्हा फिरकण्याचं कारणच नसतं. तारीख आणि अनामत असेल तर निदान ती तपासायला कुणी तरी जाईल.

९. उशीर जेव्हा सरकारचा असतो तेव्हा काय? वीजजोडणी मिळाली नाही, झाडाची परवानगी अडकली, नळाची लाइन हलवायची कुणी हे ठरेना. हे दिवस वजा व्हायलाच हवेत, अर्जाच्या पोचेच्या तारखेपासून. पूर, वादळ, भूकंप यांचेही. रेराच्या कायद्यात अशी यादी आहे. कोविडच्या वेळी मे २०२० मध्ये केंद्रानं रेरात नोंदलेल्या प्रकल्पांना सहा महिन्यांची वाढ सुचवली, तशी सोय इथंही राहावी. आणि ज्या खात्यामुळे दिवस वजा झाले त्याचं नाव जागेवरच्या पाटीवर रंगवावं. "वीज मंडळामुळे ४२ दिवस" असं रस्त्याकडेला लिहिलेलं दिसलं तर खांब हलायला फार वेळ लागणार नाही असा माझा अंदाज आहे.

इथं सरकारनं स्वतःकडेही बघावं. इंदूरचा विकास आराखडा २०२१ सालापर्यंतचा होता. ते साल सरलं आणि पुढचा आराखडा वेळेवर आला नाही. आराखडा नसला की भोवतालच्या गावांत काय बांधता येईल आणि काय नाही याचा पत्ता लागत नाही, परवानग्या अडकतात, आणि अडकलेल्या परवानगीतून वाट काढण्याचे जे मार्ग असतात ते सगळ्यांना माहीत आहेत. दुसऱ्याला तारीख घालून देणाऱ्यानं स्वतःची तारीख चुकवली तर त्याला कुणी दंड करत नाही.

१०. पैसा पंचायतीकडे आला तर तो सरपंचाच्या गाडीत जाईल, असं इंदुरातले सुशिक्षित लोक हसून सांगतात. जाऊही शकतो. पण भोपाळला गेलेला पैसा कुठं जातो ते विचारायला सिमरोलचा माणूस कुठं जाणार? पंचायतीत तो ग्रामसभेत उठून विचारू शकतो. दंडाचं खातं वेगळं ठेवावं, खर्च फक्त त्याच वस्तीतल्या नाली, रस्ता, दिवे, धूळ बसवायला पाणी यांवर करावा आणि जमाखर्च पंचायतीच्या भिंतीवर लावावा.

११. महामार्गाला आणि रेल्वेला ग्रामपंचायत दंड करू शकत नाही, आणि करू शकावी असं मी म्हणत नाही. प्रत्येक गावानं पावतीपुस्तक काढलं तर देशात एक पूल होणार नाही. तिथं मागणी वेगळी हवी. ठेकेदाराकडून उशिरापोटी जे वसूल होईल त्यातला ठरावीक हिस्सा, खनिज प्रतिष्ठानासारखा, ज्या पंचायतींच्या हद्दीत काम लांबलं त्यांना मिळावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, करारनाम्याच्या नमुन्यात एक कलम लागतं. सिमरोलवरून जाणारा रस्ता पुढे खंडवा, बऱ्हाणपूर आणि जळगाव जिल्ह्यांतून जातो. या सगळ्या पट्ट्यातल्या खासदारांनी मिळून ही मागणी दिल्लीत मांडली तर ती फक्त सिमरोलची राहणार नाही.

१२. बाकीच्या गोष्टी गावाच्या हातात आहेत. मध्य प्रदेश पंचायत राज व ग्राम स्वराज अधिनियम १९९३च्या कलम ५५ प्रमाणे गावात इमारत बांधायला पंचायतीची परवानगी लागतेच. त्या परवानगीवर पूर्णत्वाची तारीख लिहायला आणि तशी पाटी लावायला सांगायला पंचायतीला कुणी अडवलेलं नाही. दंडाच्या दराला वरची मंजुरी लागेल. तिचा ठराव मात्र ग्रामसभेनंच केला पाहिजे. तो येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडावा. आणि या पट्ट्यात प्लॉट घेऊ पाहणाऱ्या इंदूर, जळगाव, पुण्याच्या मराठी मंडळींना सांगणं असं: सौदा करण्यापूर्वी विकणाऱ्याकडे दोन कागद मागा, रेराची नोंदणी आणि परवानगीचा कागद. दोन्हींवरच्या तारखा वाचा. तारीख उलटून गेलेली असेल तर भाव कमी करून घेऊ नका, परत फिरा.